हाडांचा अभ्यास करायचाय? बायोआर्किऑलॉजीत एमए, पीएचडीची तयारी, अगदी पहिल्यापासून

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत बाळ. आपण गावाकडच्या घरात ज्या सारवलेल्या जमिनीवर झोपतो ना, तशाच जमिनीखाली. त्या बाळांच्या बरगड्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या असतात, आणि अजून हिरडीतून बाहेरही न आलेल्या दातांची टोपणं तांदळाच्या दाण्याएवढी. चाळणीत लक्ष नसेल तर खडा समजून फेकून दिली जातात.

हे आधीच सांगतेय कारण बायोआर्किऑलॉजीकडे, म्हणजे उत्खननात मिळालेल्या हाडांच्या अभ्यासाकडे, येणारी बहुतेक मुलं डीएनए डोक्यात ठेवून येतात. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीची बातमी वाचलेली असते, हिमालयातल्या सांगाड्यांच्या तळ्याची, रूपकुंडची डॉक्युमेंटरी बघितलेली असते, आणि पहिला प्रश्न असतो की लॅब कुठली चांगली. माझं म्हणणं आहे की आधी दोन वर्षं तुटकी हाडं ओळखायला शिका. आपल्याकडे अख्खा सांगाडा क्वचित मिळतो, तुकडेच मिळतात, आणि ज्याला तुकडा वाचता येत नाही त्याला लॅबला नेमकं काय पाठवायचं हेसुद्धा कळत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे.

आधी ठरवा, कोणाची हाडं?

बायोआर्किऑलॉजी हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. १९७२ मध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी तो प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात वापरला, १९७७ मध्ये अमेरिकेत जेन ब्युइक्स्ट्रा यांनी माणसांच्या सांगाड्यांसाठी. म्हणून ब्रिटनमधल्या कोर्समध्ये माणूस, प्राणी, वनस्पती सगळं एकत्र येऊ शकतं आणि अमेरिकेत बहुतेक वेळा फक्त माणूस. आपल्याकडे माणसांच्या सांगाड्यांचं काम, प्राण्यांच्या हाडांचं काम म्हणजे आर्किओझूऑलॉजी, आणि जळक्या धान्याचं काम म्हणजे आर्किओबॉटनी, हे वेगवेगळे लोक करतात पण एकाच आवारात बसतात. पुण्याचा हा मोठा फायदा आहे, इथे तिन्हींची परंपरा आहे. मी माणसांच्या हाडांबद्दलच लिहितेय, पण प्राण्यांची हाडं तुम्हाला शिकावीच लागतील, का ते पुढे येईल.

ग्रॅज्युएशनच्या शेवटच्या वर्षात करायचं काम

इतिहास, बीएस्सी झूऑलॉजी, बीएचएमएस, बीडीएस, कुठूनही या. डेंटलची मुलं तर या विषयात फार पुढे जातात कारण शरीरात सगळ्यात जास्त टिकणारी गोष्ट दात आहे. आर्ट्सवाल्यांनी अॅनाटॉमीला घाबरू नका, मोठ्या माणसात २०६ हाडं, नेटाने बसलात तर दोन महिन्यांत नावं पाठ होतात.

मेडिकल कॉलेजमध्ये ओळख असेल तर बोन सेट हाताळायची परवानगी मागा, नसेल तर प्लास्टिकचा चांगला सेट चालतो. पण त्याच्या आधी एक काम करा जे थोड्या पैशांत होतं, मटणाच्या दुकानात जा. बकऱ्याचा पुढचा आणि मागचा अख्खा पाय घ्या, पाया सूप करतात तो खालचा भागसुद्धा, उकळून साफ करा, सोड्याच्या पाण्यात ठेवा, वाळवा आणि प्रत्येक हाडावर पेन्सिलने नाव घाला. कोंबडीचंही तसंच करा. गावाजवळच्या टेकाडावर सगळ्यात जास्त निघतात ती गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांची हाडं, आणि नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे कोकराचं हाड माणसाच्या मुलाचं समजणं किंवा त्याच्या उलट. शेळीच्या पायाचं ते लांब सरळ हाड, ज्याच्या टोकाला दोन चकत्या असतात, ते एकदा हातात खेळवलं की तुम्ही ते जन्मात माणसाचं म्हणणार नाही. पुस्तकातल्या चित्रावरून हे येत नाही, बोटांना कळावं लागतं. (घरचे वैतागतील, त्यांना आधी समजावून सांगा आणि जुनं भांडं वेगळं ठेवा.)

अॅडमिशन कुठे

महाराष्ट्रात राहून करायचं तर पहिलं नाव येरवड्याचं डेक्कन कॉलेज. १८२१ मध्ये सुरू झालेली संस्था, १९३९ पासून पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून चालते, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया इथलेच. इनामगाव, नेवासा, दायमाबाद या महाराष्ट्रातल्या जुन्या वस्त्यांच्या अभ्यासाची परंपरा इथली आणि मानवी सांगाड्यांवर सुभाष वाळिंबेंनी इथे आयुष्यभर काम केलं. प्रवेश मिळतो तो पुरातत्त्वाच्या एमएला, बायोआर्किऑलॉजी हे त्याच्या आतलं स्पेशलायझेशन समजा. पात्रता, प्रवेश परीक्षा, तारखा दरवर्षी वेबसाईटवरची नोटीस बघूनच ठरवा, सीनियरने मागच्या वर्षीचं सांगितलेलं धरून बसू नका.

दुसरा रस्ता मानवशास्त्राचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, तिथून शारीरिक मानवशास्त्राकडे जाता येतं. हा रस्ता चांगला आहे पण उत्खननाचा अनुभव स्वतःहून मिळवावा लागतो. पुरातत्त्वाकडून आलात तर उलटं, जीवशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स स्वतःहून. मी पुरातत्त्वाकडून आले आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षी टाळलं, त्याची किंमत पुढे सहा महिने मोजली. तुम्ही टाळू नका, पहिल्या सेमिस्टरलाच आर किंवा तसलं एखादं सॉफ्टवेअर हाताळायला घ्या.

परदेशाचं शेवटी लिहिलंय.

पहिलं वर्ष: तुकडा वाचायला शिका

हा भाग सगळ्यात मोठा लिहितेय कारण इथेच पाया पडतो.

रोज अर्धा तास हाडांसोबत, आठवड्यातून एकदा चार तास बसून उपयोग नाही. मित्राला सांगा की कापडी पिशवीत दहा तुकडे टाकून दे आणि न बघता हात घालून ओळखा. प्रत्येक तुकड्याला ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारा. हे हाड आहे की दगड, की मडक्याचा तुकडा? माणसाचं की प्राण्याचं? कुठलं हाड, त्याचा कुठला भाग? डावं की उजवं? पूर्ण हाडाच्या किती टक्के? वाढ पूर्ण झालेली की अर्धवट? क्रम मोडू नका. थेट "ही बाई होती" असं म्हणायची घाई होते तिथेच चुका होतात.

डावं-उजवं सोपं वाटतं पण खरी परीक्षा तीच, कारण त्याच्यावर मोजदाद अवलंबून असते. एका खड्ड्यात मांडीच्या हाडाची डावी तीन डोकी निघाली तर कमीत कमी तीन माणसं, मग बाकी सगळं मिळून एकच पोतं असलं तरी. हाताच्या आणि पायाच्या बोटांची हाडं लोक शिकायला सोडून देतात, सोडू नका. इनामगावला मोठ्या माणसांच्या दफनांत घोट्याखालचे पाय नव्हते, आणि उत्खनन करणाऱ्यांनी ते पुरताना तोडले असावेत असं मांडलं. आता तुम्ही विद्यार्थी म्हणून विचार करा, "पाय नाहीत" आणि "पाय तोडले" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पावलांची छोटी हाडं उंदीर नेतात, नांगर विस्कटतो, चाळणीतून जातात. म्हणून नडगीच्या खालच्या टोकावर कापल्याच्या खुणा आहेत का, बाकी छोटी हाडं, म्हणजे हाताच्या बोटांची, त्याच दफनात टिकलीयेत का, किती दफनांत असंच आहे, हे सगळं बघावं लागतं. हात शाबूत आणि फक्त पावलं गायब असतील तर म्हणण्याला वजन येतं. याच गावात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला साधारण चाळिशीचा माणूस मिळाला आणि त्याची पावलं जागेवर होती, म्हणून पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी तो गावाचा प्रमुख असावा असं म्हटलं. एवढा मोठा सामाजिक निष्कर्ष आणि त्याच्या मुळाशी घोट्याची बारकी हाडं आहेत की नाहीत हा प्रश्न.

दातांना वेगळा वेळ द्या. दुधाचे वीस, कायमचे बत्तीस, प्रत्येक सुटा दात ओळखता आला पाहिजे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ अठराच्या पुढे कधीही. दात वरून बंद असला तरी जबड्यात तो किती तयार झालाय हे एक्स-रेमध्ये दिसतं, त्यावरून मुलाचं वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. आणि एक गोष्ट जी मला अजूनही थक्क करते, जन्माच्या वेळी दाताच्या एनॅमलमध्ये एक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ आणि तिच्या पुढे वाढलेलं एनॅमल दिसलं तर ते बाळ जन्मून काही दिवस तरी जगलं. मडक्यातल्या त्या बाळाबद्दल हे कळणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येत नाही मला.

वय, लिंग, उंची: काय सांगता येतं, काय नाही

लिंगासाठी कटीचं हाड सगळ्यात भरवशाचं, पुढच्या जोडाखालचा कोन आणि मागची मोठी खाच बघतात. कवटीवर कानामागचा उंचवटा, भुवयांची कड, मानेमागची रेघ बघतात पण कवटी एकटी असेल तर जपून. लहान मुलांचं लिंग नुसत्या हाडांवरून ठरवत नाहीत, रिपोर्टमध्ये "अनिश्चित" लिहायला लाजू नका. वयासाठी मुलांमध्ये दात आणि हाडांची टोकं जुळणं, मोठ्यांमध्ये कटीच्या हाडाचे जोड. क्लॅव्हिकलचं, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतच्या आडव्या हाडाचं, गळ्याकडचं टोक सगळ्यात उशिरा जुळतं, विशीच्या शेवटापर्यंत, त्यामुळे तरुण माणसाचं वय काढायला ते फार उपयोगी. पन्नाशीच्या पुढे मात्र आकडा सांगू नका, "वयस्कर" एवढंच.

आणि हे नीट लक्षात घ्या की बहुतेक पद्धती परक्या लोकांच्या हाडांवर बसवल्यात. कटीच्या हाडावरून वय काढायची सुची-ब्रुक्सची पद्धत लॉस एंजेलिसच्या शवविच्छेदनातल्या हाडांवरून आली, ट्रॉटर आणि ग्लेसरची उंचीची सूत्रं अमेरिकन लोकांवरून. तीच दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या, शेतकऱ्याला लावली तर उत्तर येतंच, पण ते बरोबर असेलच असं नाही. कुठलं सूत्र वापरलं ते लिहा, उत्तर किती चुकू शकतं तेही लिहा. आपल्याकडच्या हाडांची स्वतःची वैशिष्ट्यंही आहेत, उदाहरणार्थ उकिडवं बसायची सवय असलेल्यांच्या नडगीच्या खालच्या टोकाला छोटा गुळगुळीत सपाट भाग तयार होतो. परदेशी पुस्तकात तो विशेष म्हणून दाखवतात, आपल्याकडे तो नसला तर विचार करा.

नोंदणीसाठी १९९४ चे ब्युइक्स्ट्रा-उबेलेकर यांचे ठरलेले फॉर्म जगभर चालतात, तेच वापरा म्हणजे तुमची आकडेवारी दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येते. मापं घेतली की पंधरा दिवसांनी जुने आकडे न बघता तीच हाडं परत मोजा. फरक किती येतो तो प्रबंधात लिहा.

फील्डवर

महाराष्ट्रातली जुनी वस्ती शोधायची तर गावात विचारा "पांढर कुठंय?". काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची, आपल्या शेतकऱ्यांना हे पुरातत्त्ववाल्यांच्या आधीपासून माहितीये. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात, त्यामुळे अर्धी टेकाडं संपलीयेत आणि दफनंही त्यात गेली. जिथे काळी माती आहे तिथे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हाडं त्या ओढाताणीत मोडतात. तडे दिसले की लगेच मार लागला, भांडण झालं असं लिहू नका, ताजा तडा, जुना तडा आणि जिवंतपणीचा भरलेला तडा यांच्या कडा वेगळ्या असतात.

कुठलंही उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय होत नाही, स्वतःच्या मनाने कुठे खणायला जाऊ नका, मदतनीस म्हणून परवाना असलेल्या टीमसोबत जा. दफन दिसलं की लोखंडी हत्यार बाजूला, बांबूच्या काड्या आणि मऊ ब्रश. आधी डीएनए किंवा आयसोटोपसाठी (हाडातल्या मूलद्रव्यांवरून आहार ओळखायची तपासणी) नमुना घ्यायचाय का ते ठरवा, घ्यायचा असेल तर ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून एक दाढ किंवा आतल्या कानाभोवतीचं घट्ट पेट्रस हाड तिथेच वेगळं करा, त्याला पाणी नाही, डिंक नाही. बाकी हाडं फार भुसभुशीत असली तर अॅसिटोनमधला पातळ पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन लावतात, फेव्हिकॉल कधीच नाही. लहान मुलाचं मडकं मिळालं तर जागेवर उघडू नका, पट्टीने बांधून अख्खं उचला आणि लॅबमध्ये दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी रिकामं करा, सगळी माती बारीक जाळीतून.

फोटो काढताना स्केल आणि उत्तर दिशेचा बाण ठेवा. कवटीसोबत सेल्फी काढू नका, स्टेटसला टाकू नका. गावातली माणसं बघायला येतातच, त्यांना मराठीत नीट सांगा काय मिळालंय. एका साइटवर एक आजी रोज दुपारी येऊन बसायच्या, त्यांनी विचारलं, "लेकरू आजारानं गेलं का गं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण पटकन नेणारा ताप किंवा जुलाब हाडावर खूण ठेवतच नाही.

आजाराच्या खुणा

आजींच्या प्रश्नाचं शास्त्रीय रूप म्हणजे १९९२ साली मांडला गेलेला ऑस्टिओलॉजिकल पॅरॅडॉक्स, म्हणजे हाडांचा विरोधाभास. हाडावर खूण उमटायला माणूस आजारात काही काळ टिकावा लागतो, त्यामुळे खुणा नसलेला सांगाडा निरोगी माणसाचा असेल किंवा लगेच गेलेल्याचा, आणि खुणा असलेला कदाचित जास्त चिवट माणसाचा. पॅथॉलॉजीचा पेपर लिहिण्याआधी हे पचवा.

राजस्थानातल्या बालाथलला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळालेल्या साधारण चार हजार वर्षं जुन्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नाकाभोवतीचं हाड झिजलेलं, इतर बदल त्याच्याशी जुळणारे. एका खुणेवर निदान करत नाहीत, शरीरभर खुणा कशा पसरल्यात ते बघतात आणि दुसरे कुठले आजार असं करू शकतात त्यांची यादी करून एकेक वगळतात. डोळ्याच्या खोबणीतली छिद्रं, दातांवरच्या आडव्या खाचा या मुलांच्या वाढीतल्या ताणाच्या खुणा, त्यांना थेट "कुपोषण" म्हणू नका.

मुलांच्या वाढीचा अभ्यास कसा करतात बघा. दातांवरून वय काढायचं आणि मांडीच्या हाडाची लांबी त्या वयाला अपेक्षित लांबीशी ताडायची. दात उपासमारीतही बऱ्यापैकी वेळापत्रक पाळतात, हाड मागे पडतं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासा, दायमाबादच्या मुलांवर असंच काम केलं आणि इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण इसवीसनपूर्व १००० नंतर, मुलांची वाढ खुंटल्याचं मांडलं. यात डीएनए नव्हता. कॅलिपर, एक्स-रे आणि खूप धीर होता.

लॅबचं काम, आता

डीएनए आपल्या हवेत टिकत नाही, उष्णता आणि ओल दोन्ही त्याला खातात. राखीगढीच्या साठहून अधिक नमुन्यांमधून एका बाईचा जीनोम हाती लागला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रूपकुंडला बर्फ होता म्हणून ३८ जणांचा डीएनए मिळाला, त्यात काही जण पूर्व भूमध्य प्रदेशाकडचे निघाले आणि सगळे एकाच वेळी मेलेले नव्हते हेही कळलं. एमएच्या प्रबंधासाठी दख्खनमधल्या साइटचा डीएनए हा विषय घेऊ नका, वर्ष जाईल आणि हातात काही नसेल.

आयसोटोप त्यापेक्षा जमण्यासारखं. ज्वारी, बाजरी सी-फोर गटातल्या वनस्पती आणि गहू, तांदूळ, जव सी-थ्री, दोघांचा कार्बन वेगळा दिसतो, त्यामुळे भाकरी खाणारा आणि गहू-भात खाणारा हाडात वेगळा पडतो. पण गाईने ज्वारीचा कडबा खाल्ला आणि माणसाने तिचं दूध प्यायलं तरी सी-फोरची खूण येते, म्हणून त्याच साइटची प्राण्यांची हाडं सोबत मोजावीच लागतात. हाडातलं कोलॅजन हे प्रथिन उरलं नसेल तर एनॅमल वापरतात. हैदराबादची सीसीएमबी आणि लखनौची बिरबल साहनी संस्था अशा ठिकाणी जुन्या डीएनएचं किंवा आयसोटोपचं काम चालतं. गाईडमार्फत पत्र पाठवा, प्रश्न काय आहे ते एका पानात लिहा. नमुना कापला की तो भाग परत येत नाही, म्हणून आधी मापं, फोटो, जमल्यास साचा.

प्रबंध, पैसे, पुढे

विषय छोटा ठेवा आणि आधीच उत्खनन होऊन बॉक्समध्ये पडून असलेलं मटेरियल मागा. "एका साइटच्या दाढांची झीज" हा चांगला विषय आहे, "दख्खनमधलं आरोग्य" नाही. हाडं ज्या संस्थेकडे आहेत तिथे परवानगीचं पत्र पहिल्या महिन्यात द्या, माझं एका ठिकाणी चार महिने अडकलं होतं.

एमए होता होता नेट द्या, पुरातत्त्व आणि मानवशास्त्र असे वेगळे विषय आहेत. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये. नाही मिळाली तरी पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप असतात, आपण कुठल्या गटात बसतो ते बघून जाहिरातीवर लक्ष ठेवा, मुदत फार थोडी असते. नोकऱ्या कमी आहेत हे खरं सांगते. विद्यापीठं, पुरातत्त्व खातं, म्युझियम, अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे आणि फॉरेन्सिक, एवढंच. फॉरेन्सिककडे एक पाय ठेवलात तर बरं.

परदेशात यॉर्क, डरहॅम, एक्सेटर अशा ठिकाणी एक वर्षाचं एमएस्सी होतं, तिथे शेकडो नीट टिकलेले सांगाडे हाताळायला मिळतात. पण एक वर्ष फार पटकन जातं, हाडं ओळखायला तिथे जाऊन सुरुवात केली तर अर्धा कोर्स त्यातच जातो, म्हणून इथली दोन वर्षं करून जा. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्जात "मला मानवी इतिहासाची आवड आहे" लिहू नका, कुठल्या साइटची किती हाडं तुम्ही स्वतः नोंदवलीत आणि त्यातला कुठला प्रश्न सुटला नाही ते लिहा.

आणि रोज संध्याकाळी टेबल आवरताना हाडं बॉक्समध्ये परत ठेवायची पद्धत लावून घ्या, कवटी वेगळ्या बॉक्सात, जड हाडं तळाला, बरगड्या वर, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आणि पिशवीवर दुसरी, कारण शाई उडते. दोन माणसांचे बॉक्स एकाच वेळी टेबलावर उघडे ठेवू नका.